रबियाखालाची गाडीतली जागा

आमच्या घरात कुणाला कुठे न्यायचं ठरलं की त्या माणसाला विचारायची पद्धतच नव्हती. १९६८ साली माझ्या धाकट्या भावाने, झहूरने, लेबनॉनच्या डोंगरांत गाडीने फिरून यायचा घाट घातला, तेव्हा रबियाखालालाही कुणी विचारलं नाही. ती येणार हे धरूनच चाललेलं. ती नसली तर वाटेत चहा कोण करणार आणि अम्माचे गुडघे कोण चोळणार?

रबियाखाला माझी सख्खी खाला, म्हणजे मावशी, नव्हे. श्रीवर्धनच्या बाजूचं आमचं गाव, त्याच गावची ती. तिचा नवरा अहमद आमच्या दुकानात कामाला होता. कुवेतच्या शर्क भागात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या अब्बांचं, म्हणजे गफूर शेठचं दुकान होतं. दोरखंड, शिडाचं कापड, रंग, खिळे, गलबतांना लागतं ते सगळं तिथे मिळायचं. १९४९ मध्ये अहमदने रबियाखालाला गावाहून बोलावून घेतलं. तिची पोर अस्मा तेव्हा वर्षाची होती. सासू म्हणाली, "तू जा नवऱ्याकडे, पोर हिकडं राहील." असं म्हणणाऱ्या सासवा आमच्याकडे घरोघरी होत्या आणि त्यांना उलट बोलणारी सून मी तरी पाहिली नाही.

पुढच्या वर्षी दोन बायका आमच्या घरात एकाच आठवड्यात बाळंत झाल्या. अम्माला झहूर झाला. रबियाखालाचं बाळ मात्र जन्मलं आणि गेलं. नंतर अम्माला ताप चढला, तो उतरेना, तिला दवाखान्यात नेऊन ठेवलं आणि झहूर मागे राहिला, भुकेने लाल होऊन रडणारा. तेव्हा रबियाखालाने त्याला उचललं. अम्मा दीड-दोन महिन्यांनी परत आली. तोवर घरात बायकामाणसं दोनच, ती आणि आठ वर्षांची मी. अम्मा आल्यावर डॉक्टरच्या सांगण्यावरून झहूरला डब्याचं दूध सुरू झालं. पण रबियाखाला त्या दिवसापासून झहूरची दूधमा, दुधाची आई, झाली.

दोन वर्षांनी धक्क्यावर लाकडं उतरवताना अहमद ओंडक्याखाली सापडला. त्याची बायको खरं म्हणजे इद्दतीनंतर, विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस सरले की, गावी जायची. अम्मा म्हणाली, "जाते कुठं? पोराची आई हाय ती." गल्लीतल्या बायकांनी अम्माचं केवढं कौतुक केलं. मीही केलं असेल, मला तेव्हा काय कळत होतं. आता कळतं. रबियाखाला नोकर असती तर दोन-तीन वर्षांनी तिला रजा मिळाली असती. नातलगाला रजा कोण देतं? तिचा पासपोर्ट अब्बांच्या लोखंडी कपाटात आमच्या पासपोर्टांबरोबर राहायचा आणि कपाटाची किल्ली अम्माच्या कमरेच्या जुडग्यात. जुलूम म्हणून नाही. घरातल्यांचे कागद घरात असतात, तसे.

मधे एकदाच ती गावी जाऊन आली. अस्मा तेव्हा सात वर्षांची होती, आजीच्या पदराआड लपली आणि ही परत निघेपर्यंत हिच्या जवळ आली नाही. अस्माच्या लग्नाला मात्र रबियाखालाला जाता आलं नाही, कारण नेमकं त्याच वेळी अम्माचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन निघालं. लग्नाच्या दिवशी तिने आमच्यासाठी बिर्याणी केली. आम्ही ती खाल्ली.

तर झहूरची सफर. त्याला अठरा पुरी झाली आणि गाडी चालवायचं लायसन मिळालं. अब्बांनी जुनी ओपेल त्याच्या हवाली केली आणि घरात डोंगर शिरले. झहूर आमच्यातला कुवेतमध्येच जन्मून वाढलेला. त्याला कोकणी समजायची, बोलताना मात्र इंग्रजी-अरबी मिसळून बोलायचा. शाळेतल्या कुणा दोस्ताने त्याला सांगितलं होतं की उन्हाळ्यात बैरूतला सगळं कुवेत लोटतं, खरी मजा त्यानंतर, ऑक्टोबरात. डोंगरात पानं लाल-पिवळी होतात, सफरचंदं झाडावर लटकत असतात, सकाळी ढग रस्त्यावर उतरतात.

अम्मा म्हणाली, "लाल पानां बघाला एवढा लांब? गावाला बदामाचा झाड लाल होतोच की."

"अम्मा, पुरा माउंटन लाल होतो. एक झाड नाही."

"आनि सफरचंदा?"

"हातानी तोडायची."

सफरचंदांवर अम्मा कबूल झाली. अब्बा येणार नव्हते. आपल्याकडचा पावसाळा सरला की मलबार-कोकणची गलबतं आणि लाँचा कुवेतला यायला लागतात, तो त्यांचा हंगाम. जगाच्या डोंगरांत पानं गळायला लागतात तेव्हा आमच्या अब्बांचं दुकान बहरात असे.

मी त्या वेळी इंडियन शाळेत शिकवत होते आणि नवऱ्याबरोबर अबू हलीफाला राहत होते, दोन खोल्यांत, नवऱ्याच्या दोन भावांसकट. शुक्रवारी मी शर्कला माहेरी यायची. आजूबाजूची मातीची घरं पाडून सरकारने रुंद रस्ते केले होते, आमचं घर अजून तग धरून होतं. त्या उन्हाळ्यातला दर शुक्रवार नकाशात गेला. झहूर घरातल्या चौकात सतरंजीवर नकाशा पसरायचा आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायचा. जहरा, सफवानचं सरहद्दीवरचं ठाणं, बसरा, बगदाद. बगदादहून वाळवंटातून रुतबा, तिथे मुक्काम. मग दमिश्क आणि मग चढण. बोट चढणीवर आलं की त्याचा आवाज बदलायचा. रेडिएटरसाठी किती पाणी, बंपरला किती छागळी लटकवायच्या, वळणावर कुठला गिअर, सगळं तो बोलून पाहायचा. त्याने त्या वेळेपर्यंत जहराच्या उंचवट्यापेक्षा मोठी चढण पाहिलेली नव्हती.

"दूधमा, तू बघच," तो म्हणायचा. "तुला मी टॉपला नेतो. तिथून समंदर दिसतो."

रबियाखाला भाकरी थापता थापता म्हणायची, "समंदर हितूनबी दिसतो रे." पण हसायची. त्याने विमान चालवतो म्हटलं असतं तरी ती हसली असती. त्या पोरावर तिचा जीव होता, आणि त्याचा तिच्यावर. अम्मावर तो चिडायचा, ओरडायचा. रबियाखालाने नुसतं "झहूर" म्हटलं की गप्प व्हायचा. अम्माला हे दिसत होतं आणि आवडत नव्हतं.

सल्लागार म्हणून मजीदचाचा हजर असायचे. अब्बांचे चुलतभाऊ, एका कंपनीत कारकून, आणि आमच्या कोकणी जमातीतले स्वयंघोषित मुफ्ती. दर प्रश्नावर त्यांचा एक मसला, म्हणजे धर्माचा निवाडा, तयार असे. बैरूत त्यांना तळहातासारखं ठाऊक होतं, असं ते सांगत. गेले होते एकदाच, हर्नियाचं ऑपरेशन करून घ्यायला, आणि दवाखान्याच्या खिडकीतून दिसलं तेवढं बैरूत त्यांनी पाहिलं होतं. त्यांना सफरीला यायचं होतं, बायकोला घेऊन. अम्माने साफ सांगितलं, "जागा नाय. पाठी मी पाय पसरून बसनार, बाजूला रबिया. पुढं एकटा बसा हवा तर." बायकोला सोडून एकटं जायची चाचांची हिंमत नव्हती. ते दर शुक्रवारी गाडीभोवती फिरून पाठची सीट नजरेने मोजत.

जुलैत बोट आली आणि बोटीवरून नूरुद्दीनमामू आले. ते रबियाखालाच्या आईचे धाकटे भाऊ, बसरा-मुंबई बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. बोट धक्क्याला लागली की तासाभरासाठी आमच्याकडे येत. या खेपेला चहा खाली ठेवून ते म्हणाले, "रबिया, अस्माला दिवस हायत. ऑक्टोबरात मोकली होईल."

रबियाखाला खांबाला टेकून उभी राहिली.

"तिची सासू बोलते, पयली खेप आईच्या घरात. आमच्याकडची रीत ती. पोरगी बोलते, माजी आई कुटं हाय? सासू बोलते, मग तुज्या घराचा टाला कोन उघडनार?" मामूंनी मान खाली घातली. "गावात बायका हसतात तिला."

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे कुणाला सांगायला नको. ज्या पोरीचं होत नाही तिला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. अस्माला वाढवणारी आजी वारली होती. माहेर म्हणजे एक कुलूप लावलेलं कौलारू घर आणि कुवेतमध्ये दुसऱ्याच्या पोराची दूधमा झालेली आई. सप्टेंबरअखेर मामूंची बोट पुन्हा बसऱ्याहून उतरणार होती. तिच्यावर बसली तर रबियाखाला वेळेत पोचत होती. सख्खा मामा बरोबर, म्हणजे प्रवासाला कुणी बोट ठेवायला जागा नाही.

तिने अम्माला विचारलं. मी समोर होते.

"जा की," अम्मा म्हणाली. "नको कोन बोलतंय? सफर करून ये, मग नोव्हेंबरात जा. नातू बघ आरामात."

"बाजी, तवा काय उपेग? ती मोकली होऊन बसेल."

"बायका होत नाय काय आईशिवाय मोकल्या? तुला सोडून मी त्या डोंगरात काय करू? आनि झहूरनी कुनासाठी ठरवला सगला? त्याचा दिल तोडशील?"

हे शेवटचं वाक्य अम्माने मुद्दाम टाकलं. रबियाखालाची नजर खाली गेली. मी भांडले. म्हटलं, "अम्मा, तिची पोर आहे ती." अम्मा म्हणाली, "आनि झहूर कोन हाय?" अब्बांकडे गेले. अब्बा दोरखंड मोजत होते, म्हणाले, "तुज्या अम्माला विचार, घरातला तिला ठाव." झहूरला सांगावं असं मला वाटलं, तर रबियाखालानेच माझा हात धरला. "नको, बिल्कीस. त्यो बिचारा सफर मोडील, मग तुजी अम्मा माजं नाव टाकील. जनमभर."

मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी न जेवता निघाले. कुणी तिला बांधून ठेवलं नव्हतं, कुणी मारत नव्हतं. सगळे तिच्यावर माया करत होते आणि तिला दार सापडत नव्हतं.

ऑगस्टभर ती गप्प होती. सफरीची तयारी तिच्याच हातून होत होती. तिने नारळाच्या वड्या केल्या, सुक्या बोंबलाची चटणी केली. चटणीच्या वासाने सफवानच्या ठाण्यावर गाडी अडवतील असं मजीदचाचांनी बजावलं, तेव्हा तिने बरणीला दुहेरी फडकं बांधलं. झहूर तिला नकाशा दाखवायचा आणि ती बघायची. मला वाटलं, खचली. एवढी वर्षं तिला ओळखून मी एवढंच ओळखलं होतं.

सप्टेंबरच्या मधल्या शुक्रवारी शेवटची बैठक बसली. जुम्म्याची नमाज झाली होती, जेवणं झाली होती. चौकात अब्बा, अम्मा, झहूर, मी आणि मजीदचाचा. कोणी कुठे बसायचं, डिकीत काय, टपावर काय, हे पक्कं चाललं होतं. रबियाखाला चहाचा ट्रे घेऊन आली. चाचांपुढे कप ठेवताना डोक्यावरची ओढणी नीट करून अगदी साधेपणाने म्हणाली,

"मजीदभाय, एक मसला विचारू? मी झहूरच्या संगती एवढ्या लांब जानार. त्यो माजा महरम झाला ना?"

महरम म्हणजे ज्याच्याशी बाईचा निकाह कधी होऊच शकत नाही असा जवळचा पुरुष. बाप, भाऊ, मुलगा, मामा. असा पुरुष बरोबर नसेल तर बाईने लांबचा प्रवास करू नये, असा दंडक. चाचांनी कप खाली ठेवला. त्यांना असं कुणी विचारत नसे, त्यांना बळेच सांगावं लागे.

"दुधाचा बेटा सगा बेटा," ते म्हणाले. "बेशक महरम." आणि मग त्यांची नजर उघड्या दारातून बाहेरच्या गाडीवर गेली. पाठच्या सीटवर. "मगर एक बात हाय. आपन कोकनी शाफई पंथाचे. हनफी लोकांत एक घोट पाजला तरी चालतो. आपल्यात पाच वेला पाजायला लागतो, पोट भरून. पाच पुरे झाले तर नाता. चार झाले तर काय नाय. रबिया, खुदाला हाजिर समजून सांग. पाच वेला झाला ना?"

अम्मा हसली. "काय विचारता, मजीदभाय. दीड-दोन महिने मी खाटेवर होते."

रबियाखाला उभी होती. ट्रे तिने पोटाशी धरला होता.

"तीन," ती म्हणाली.

कुणालाच कळलं नाही. अब्बांनी विचारलं, "काय तीन?"

"तीन वेला पाजला. माजा बाल गेल्यावर दूध आटला होता. तीन वेला आला थोडा, मग नाय आला. नंतर मी बकरीचा दूध दिला, कापसाच्या बोल्यानी. तुमाला वाटला मी पाजते. मी बोलले नाय."

झहूर नकाशाशी गुडघ्यांवर बसला होता, तो तसाच राहिला. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

"बिल्कीस," चाचा माझ्याकडे वळले, "तू तवा घरात होतीस. तुला आठवत असेल."

मला आठवत होतं. मागची खोली, खजुरीची चटई, आणि मी पंख्याने वारा घालत असलेली. झहूर तिच्या छातीशी, त्याची मूठ तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकलेली. तो पिता पिता झोपायचा आणि ती त्याला न उठवता तशीच बसून राहायची, दिवसातून सहा-सात वेळा, सगळे ते दिवस. तिची ओढणी भिजलेली असायची. दूध आटलं नव्हतं. गेलेल्या बाळाचंही सगळं तिने झहूरला दिलं होतं.

मी रबियाखालाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तेव्हा मला समजलं की हा प्रश्न तिने का विचारला, आणि याच माणसाला का विचारला.

"बकरी होती आपल्याकडे," मी म्हटलं. "तिचं दूध काढायला मीच जायचे, चाचा."

यात खोटं काही नव्हतं. ते दूध आमच्या चहाला लागायचं.

चाचांनी मान हलवली, दुःखाने म्हणावं तर दुःखाने. "मग ही झहूरसंगती जाऊ शकत नाय."

"नाय तर नाय," अब्बा वैतागून म्हणाले. "राहील घरी."

"कशी राहील? भाबी जानार, झहूर जानार. घरात तुमी एकटे आनि ही परायी बाई? लोक काय बोलतील, गफूरभाय?"

अम्माने माझ्याकडे पाहिलं. "बिल्कीसकडे राहील."

"माझ्याकडे दोन दीर आहेत, अम्मा. दोन खोल्या आहेत. तेही परकेच ना?" मी इतक्या गोड आवाजात अम्माशी त्यापूर्वी कधी बोलले नव्हते.

जाता येत नाही आणि राहता येत नाही. सगळे हे उलटसुलट करून बघत होते आणि दर वेळी तिथेच येत होते. नूरुद्दीनमामूंच्या बोटीचं नाव रबियाखालाने काढलं नाही. शेवटी ते चाचांनीच काढलं, स्वतःला सुचल्यासारखं. झहूरने तीन महिने नकाशावर डोकं घातलं होतं, पण त्या घरात प्रवास आखायला खरं कुणाला येत होतं ते त्या दिवशी मी पाहिलं.

अम्मा कपाट उघडायला उठली. आधी रबियाखालासमोर थांबली. "अठरा वर्सं माज्या पोराची आई म्हनून बसलीस," ती म्हणाली, "मी तुला त्याच्यातला हिस्सा दिला." राग तर होताच. पण तिच्या चेहऱ्यावर आणखीही काही सैल झालेलं मी पाहिलं, आणि ते मी विसरलेले नाही. झहूर आता तिचा एकटीचा होता.

झहूर उठला. रबियाखालाच्या समोरून जायला लागला, आणि रबियाखालाने ओढणी तोंडावर ओढली. अब्बा आले की ओढायची, तशी. तो जागच्या जागी थबकला. मग बाहेर जाऊन त्याने गाडी धुवायला घेतली. गाडी सकाळीच धुतलेली होती.

बोटीच्या दिवशी शुवैखच्या धक्क्यावर तोच गाडी घेऊन आला. पुढे अब्बा, मागे ती आणि मी. तिच्याजवळ एक ट्रंक, आणि अळीव-डिंकाचा एक डबा अस्मासाठी. अब्बा कागद दाखवायला बंदराच्या कचेरीत गेले, तेव्हा झहूर ट्रंक खाली ठेवून तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"तीन वेळाच?" त्याने विचारलं.

बुरख्याच्या आत तिने काय केलं मला दिसलं नाही. त्याला खरं सांगितलं असतं तर तो अम्माजवळ एक दिवस लपवू शकला नसता, आणि बोट अजून धक्क्याला होती.

"तीनच," ती म्हणाली.

तिने माझा हात धरला होता. तो तिने इतका दाबला की माझ्या बांगडीचा वळ उठला. मग मामू शिडीवरून हाक मारत आले आणि ती गेली.

सफर झाली. मजीदचाचांची बायको पाठच्या सीटवर बसली आणि चढण लागल्यापासून दर वळणाला ओकली. ढग रस्त्यावर उतरले तेव्हा चाचांनी घाबरून गाडी थांबवायला लावली. अम्माने सफरचंद हाताने तोडलं आणि म्हणाली, आंबट हाय. झहूर सगळी वाट चालवत राहिला, कुणाशी फारसं बोलला नाही. पानं लाल झाली होती का, असं मी विचारलं तर म्हणाला, "होती बहुतेक."

अस्माला मुलगा झाला. रबियाखाला पोचल्यावर आठवड्याने, स्वतःच्या घरात, कौलं शाकारून घेतलेल्या. त्याचं नाव अकबर ठेवलं. रबियाखाला परत आली नाही आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

पुढच्या वर्षी झहूर मुंबईला कॉलेजात गेला. नोव्हेंबरात मी एका लग्नासाठी गावी जायला मुंबईत उतरले, तर तो आपण होऊन म्हणाला, "आपा, मी पण येतो." लग्न उरकल्यावर आम्ही रबियाखालाच्या घरी गेलो. दोन घरं सोडून मजीदचाचांच्या भावजयीचं घर, आणि ती बाई खिडकी सोडून कधी हलत नसे. त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं की रबिया कुवेतहून का परतली.

झहूर ओटीवर बसला. मी आत गेले. रबियाखाला दाराआड उभी होती, ओढणी डोळ्यांपर्यंत घेऊन. अस्माही आतच. ती खरं म्हणजे त्याची दूधबहीण लागत होती, बिनदिक्कत बाहेर येऊन त्याला पाणी देऊ शकली असती. पाणी तिने उंबऱ्यावर ठेवलं. त्याच्याजवळ जाऊ शकत होता तो एक अकबर, आणि तो जाऊन त्याच्या मांडीवर बसलासुद्धा.

"उंच झाला काय गं?" रबियाखालाने मला हळूच विचारलं.

"जा ना बाहेर. बघ."

"कशी जाऊ? मग मी खोटी बोलले ते सगल्या गावाला कलेल. अस्माच्या सासूला कलेल. पोरीला सांगतील, तुजी आई खोटी बोलून बालंतपनाला आली." ती फटीला डोळा लावून उभी होती. "बारीक झालाय. मुंबईत खात नसेल धड."

तिने जेवण वाढलं, मी नेलं. तो जेवला. ती फटीतून प्रत्येक घास बघत होती. "भात घे म्हनून सांग," मला म्हणाली. मी सांगितलं, त्याने घेतला.

निघताना तो अंगणात उतरला आणि घराकडे पाठ करून उभा राहिला. "खाला," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी मागे बघत नाही." आणि खरंच मान न वळवता उभा राहिला. त्याला काय कळलं होतं आणि काय नाही, ते मी विचारलं नाही.

रबियाखाला उंबरा ओलांडून बाहेर आली. ओढणी मागे सारली. एकेक पायरी उतरून त्याच्या अगदी जवळ गेली. त्याची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. ती नीट करायला तिने हात वर केला. मग तिने दोन घरं पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

"चल," मी झहूरला म्हटलं, "एसटी चुकेल."